पडक्या कानाचे ससे

मी घरजावई आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं की मला राग येतो, आणि मला राग आला की बायको म्हणते, "बघ, आला." आमचं लग्न झालं तेव्हा भाड्याच्या खोलीचं छत गळत होतं आणि सासूबाईंच्या घरातली मागची खोली रिकामी होती. दोन-चार महिन्यांसाठी म्हणून आलो, त्याला आता जमाना लोटला. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात तेलकट तारांशी झटापट करायची आणि संध्याकाळी घरी येऊन जरा डोळे मिटून पडायचं, एवढीच माझी अपेक्षा होती. पण मागच्या खोलीची खिडकी अंगणात उघडते, आणि अंगणात सासूबाईंचं राज्य आहे.

अंगण म्हणजे एक ट्रक कसाबसा उभा राहील एवढी जागा. तीन बाजूंना विटांची भिंत, कोपऱ्यात नळ, नळाशेजारी तुतीचं झाड. एवढ्यात ससे, कोंबड्या, एक कोंबडा, बदकांची जोडी आणि पत्र्याच्या छपराखाली जाळीच्या खोक्यात लावे पक्षी, असा सगळा संसार आहे. बदकांना पोहायला आमचा जुना आंघोळीचा टब दिलेला आहे. कोंबड्याचं नाव मी भोंगा ठेवलं. त्याचं तोंड नेमकं माझ्या खिडकीकडे असतं. मी तक्रार केली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्याला उजेड तिकडूनच दिसतो, जावईबापू. तुम्ही खिडकीला पडदा लावा." पडदा लावला. भोंग्याला पडद्याचं काही वाटलं नाही.

सासूबाई मला 'तुम्ही' म्हणतात आणि सशांना 'तू'. सुरुवातीला मला हा मान वाटायचा. मग लक्षात आलं की 'तू' वाल्यांची चौकशी रोज सकाळी होते आणि 'तुम्ही' वाल्याला फक्त पोती उचलायला बोलावतात. उठल्या उठल्या, चहासुद्धा न घेता, त्या पिंजऱ्यांखालचे पत्रे बघतात. लेंड्या गोल, कोरड्या आणि सुट्या असल्या की सगळं ठीक. जरा चिकट दिसल्या की त्या दिवशी हिरवा पाला बंद, नुसतं सुकं गवत. मग प्रत्येकाच्या पोटावरून हात फिरवायचा, कानात फुंकर मारून बघायचं, दात तपासायचे. लेंड्या पोत्यात भरून शेजारपाजारचे लोक कुंड्यांसाठी घेऊन जातात. तुतीचा पाला ससे खातात, सशांच्या लेंड्या तुतीला जातात, तुती कोंबड्या खातात, आणि कोंबड्यांचा आवाज मी खातो.

ससे पाळायला जातात आणि पातेल्यातही जातात. सासूबाई यात काही लपवत नाहीत. "मी त्यांना जन्मभर नीट ठेवते, शेवटी एकदाच वाईट वागते," असं त्या कुणालाही सांगतात. आयुष्यभर त्यांनी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुतल्या आणि इस्त्री केल्या. वाफेने भाजल्याचा एक लांब डाग त्यांच्या उजव्या हातावर अजून आहे. नोकरी संपल्यावर गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आता आराम कर. यांनी आणखी दोन पिंजरे लावले.

सासूबाईंचे ससे बाजारात मिळतात तसले पांढरे, लाल डोळ्यांचे नाहीत. राखाडी, अंगाने थोराड, स्वभावाने गरीब, आणि प्रत्येकाचा डावा कान पडका. उजवा ताठ आणि डावा गालावर लोळतोय, त्यामुळे बघणाऱ्याला सारखं वाटतं की हा आपलं बोलणं अर्धंच ऐकतोय. ही जात त्यांच्या वडिलांनी तयार केली. वडील छत्र्या दुरुस्त करायचे. उन्हाळ्यात छत्री कोण दुरुस्त करतो? मग घर चालायचं ते सशांवर. ज्या मादीची सगळी पिल्लं जगायची तिचीच पिल्लं पुढे ठेवायची, असं करत करत त्यांनी ही पडक्या कानाची मंडळी जमवली. वडील गेले तेव्हा ससे दोघांत वाटले गेले. अर्धे सासूबाईंकडे आणि अर्धे त्यांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे मामांकडे. सगळ्या जगात पडक्या कानाचे ससे या दोन अंगणांतच होते.

मामा सुतार आहेत. आमच्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, वडिलांच्या घरात राहतात. आमच्या गच्चीवरून त्यांचा पत्रा दिसतो. आणि बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. सासूबाई पाव आणायला त्यांच्या दारावरून न जाता पूर्ण वळसा घालून जायच्या. आमच्या लग्नात मामांनी स्वतःच्या हाताने पलंग करून हातगाडीवरून पाठवला. सासूबाईंनी पलंग घरात घेतला आणि आभार हातगाडीवाल्याचे मानले. त्याच पलंगावर मी झोपतो. एक खिळाही कधी ढिला झाला नाही, मामांचं काम म्हणजे काम.

भांडणाचं कारण मला बायकोने लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी सांगितलं, आणि ते सांगताना तिला हसू आवरेना आणि रडूही. वडिलांचा लाडका एक म्हातारा नर होता, त्याचं नाव बुवा. वाटणीत तो मामांकडे राहिला. सासूबाई दर रविवारी त्याला भेटायला जायच्या, त्याच्यासाठी गाजराचा पाला घेऊन. मामी तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या आणि मामा एकटे पडले होते. एका रविवारी मामांनी बहिणीला जेवायलाच थांबवून घेतलं. स्वतः रांधलं होतं. सासूबाई जेवल्या, पुन्हा वाढून घेतलं. "जरा चिवट आहे, पण चव छान आलीय," असंही म्हणाल्या. हात धुतला, पाला घेतला आणि मागे बुवाकडे गेल्या. पिंजरा धुतलेला होता आणि दार उघडं होतं.

त्या दिवशी त्या घरी आल्या त्या आल्याच. मामांनी काही सांगितलं नाही आणि यांनी काही विचारलं नाही.

मी हे ऐकलं आणि म्हटलं, "एका सशावरून?" बायको म्हणाली, "तू हे आईसमोर बोलून दाखव." मी कानाला खडा लावला.

तर गेल्या उन्हाळ्यात आमचा नर मेला. जमादार त्याचं नाव. सशाला थंडी सोसते, उकाडा अजिबात सोसत नाही. म्हणून सासूबाई प्लॅस्टिकच्या बाटल्यांत पाणी भरून फ्रीजमध्ये गोठवतात आणि दुपारी प्रत्येकाच्या पिंजऱ्यात एकेक बाटली ठेवतात. ससे बाटलीला टेकून आडवे पडतात. त्या आठवड्यात आमच्या भागातली वीज गेली आणि दोन दिवस आलीच नाही. बर्फ नाही, पंखा नाही. सासूबाईंनी पिंजऱ्यांवर ओली पोती टाकली, सगळ्यांचे कान पाण्याने पुसत बसल्या. माद्या वाचल्या. जमादार अंगाने सगळ्यात थोराड, त्याला ते झेपलं नाही. दुपारी त्याने मान टाकली.

सासूबाईंनी त्याला उचलला, पोत्यात गुंडाळला आणि मला म्हणाल्या, "संपलं, जावईबापू." मला आधी कळलं नाही काय संपलं. मग त्यांनी सांगितलं. तीन माद्या उरल्या होत्या. मोठी आणि मधली आता म्हाताऱ्या झाल्या, त्यांना पिल्लं होणार नाहीत. तिसरी ठमी. ती वयात आलेली, पण तिचं पहिलं वेत अजून झालेलं नव्हतं. सशीचं पहिलं वेत वेळेत झालं नाही तर पुढे ते जड जातं, जिवावरही बेततं. म्हणजे ठमीला वेळेत पडक्या कानाचा नर मिळाला तर वडिलांची जात राहणार, नाहीतर ती तिथेच थांबणार.

बायको धावतपळत पाळीव प्राण्यांच्या दुकानातून एक पांढरा नर घेऊन आली. सासूबाईंनी त्याचे दोन्ही कान बघितले, त्याला पोटभर पाला दिला आणि शेजारच्या काकूंना देऊन टाकला.

"अगं, पिल्लं तर झाली असती!" बायको म्हणाली.

"पिल्लं झाली असती. बाबांची नसती झाली."

मग आमच्या घरात जो विषय कुणी काढत नसे तो बायकोने काढला. "आई, मामाकडे नर असेल ना?"

 सासूबाई लाव्यांना दाणे टाकायला लागल्या. लाव्यांना दाणे नुकतेच टाकून झाले होते.

मी म्हटलं, यात काय मोठंसं आहे. संध्याकाळी कामावरून येताना मामांकडे डोकावलो. मामा ओसरीवर फळीवर रंधा मारत होते. माझं त्यांच्याशी तसं बरं आहे. घरजावयाला सासरच्या भांडणात तटस्थ राहायची मुभा असते. त्यांच्याकडे बघितलं तर एवढ्या मोठ्या रिकाम्या पिंजऱ्यांच्या रांगेत एकच ससा बसलेला. राखाडी, पडक्या कानाचा, म्हातारा. नाव पैलवान. मामांनी बाहेरून एक मादी आणली होती, तिच्याबरोबर रोग आला आणि बाकीचे गेले. हा एकटा वाचला. "याला देऊन टाकणार होतो," मामा म्हणाले, "पण मग मागे जायला काही कारणच उरत नाही."

मी त्यांना जमादाराचं सांगितलं. त्यांचा रंधा थांबला. "ठमी कुणाची? मोठीची ना?" म्हणजे गृहस्थाला आमच्या अंगणातली वंशावळ पाठ होती.

"मामा, पैलवानाला आमच्याकडे पाठवा की. मी नेतो, परत आणून देतो."

मामा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी लिफ्ट छतावरून खाली ढकलायला सांगितली. "नराला मादीकडे नेत नाहीत. पिंजरा तिचा असतो, ती त्याला फाडून काढेल. मादीने नराकडे यायचं. ताईला माहीत आहे."

ताईला माहीत होतंच. घरी येऊन मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबर बोलला." आणि पीठ मळत राहिल्या.

"मग मी नेतो ठमीला."

"तुमच्या हातात ती राहणार नाही. घाबरली तर लाथ मारेल, आणि सशाने जोरात लाथ मारली तर त्याचीच पाठ मोडते. माझी मादी मीच नेणार." एवढं बोलून पिठाला एक बुक्की मारली. "नाहीतर नाही नेणार."

मी पुन्हा मामांकडे गेलो. म्हटलं, मग तुम्ही तरी येऊन एकदा म्हणा, ताई, ठमीला घेऊन ये. मामा म्हणाले, "मी काय तोंडाने म्हणू?" मी घरी आलो. सासूबाई म्हणाल्या, "बोलावल्याशिवाय मी जायची नाही." मी बायकोला म्हटलं, तुझ्या माहेरच्यांपुढे मी हात टेकले. ती म्हणाली, "माझं माहेर म्हणजे तुझंच घर आहे, विसरू नकोस." गल्लीच्या या टोकाला मादी, त्या टोकाला नर, दोघांचंही वय चाललेलं, आणि मधे मी चपला झिजवतोय. माझं डोकं सणकलं होतं. मी जाहीर केलं की यापुढे ससा हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही.

असे बरेच दिवस गेले. सासूबाई रोजची कामं करत होत्या, पण ठमीच्या पिंजऱ्याशी पूर्वीसारख्या रेंगाळत नव्हत्या. पाला टाकायच्या आणि पुढे जायच्या.

एका सकाळी मी खिडकीतून बघितलं तर त्या पालथ्या घातलेल्या बादलीवर बसलेल्या. चहा झाला नव्हता, पत्रे बघून झाले नव्हते. मी घाबरून बाहेर गेलो. त्यांनी नुसतं ठमीच्या पिंजऱ्याकडे बोट केलं.

ठमीने कोपऱ्यात गवत गोळा केलं होतं. स्वतःच्या छातीचे आणि पोटाचे केस उपटून त्याचं मऊ अस्तर केलं होतं. सशी व्यायच्या आधी पिल्लांसाठी असं घरटं करते. ठमीची छाती उघडी पडली होती, गुलाबी कातडी दिसत होती, आणि ती घरट्यासमोर राखण करत बसली होती. मला आनंदच झाला. म्हटलं, "अहो आई, झाली की पिल्लं! कशी काय?"

"कसली पिल्लं?" सासूबाई म्हणाल्या. "खोटं वेत आहे. कधीकधी होतं असं. नर नाही, काही नाही, आणि तिला वाटतं आपल्याला होणार." त्यांनी पिंजरा उघडून घरट्यात हात घातला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. "ऊब आहे नुसती. आत कोणी नाही."

ठमी त्यांच्या हाताला नाक लावून बघत होती. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. धुलाईघरात एवढी वर्षं काढलेली बाई, त्यांना मी सासरे गेले त्यानंतर पहिल्यांदाच असं बघत होतो.  मी नळ सोडला आणि उगाच बादली भरली.

"खोटं वेत झालं की मादी लगेच नर घेते," त्या एकदम उठून म्हणाल्या. आवाज पुन्हा धुलाईघरातला झाला होता. "आजचाच दिवस चांगला आहे. म्हणून जायचं. दुसरं काही नाही. टोपली काढा."

त्यांनी केस विंचरले, धुतलेली साडी नेसल्या, टोपलीत टॉवेल अंथरला आणि ठमीला आत बसवलं. मी टोपली धरायला हात पुढे केला, पण त्यांनी दिली नाही. गल्लीतून आम्ही चाललो तेव्हा किराणा दुकानदार काटा हातात धरून बघत राहिला. वळसा न घालता त्या सरळ निघाल्या होत्या, आणि हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं.

मामा ओसरीवरच होते. ताईला बघितलं आणि त्यांच्या हातातला रंधा फळीच्या मध्यावर अडकला. सासूबाई पायरीपाशी थांबल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जावईबापू, त्यांना विचारा, पैलवान कुठे आहे."

आता मात्र माझी सहनशक्ती संपली. "मी काही विचारणार नाही," मी म्हणालो. "लिफ्टमध्ये माणसं अडकली की मी त्यांच्याशी बाहेरून बोलतो, कारण मधे दार असतं. इथे दार नाही. तुमचं तुम्ही विचारा."

 टोपलीत ठमीने मागचा पाय दाणकन आपटला.

"पैलवान कुठे आहे?" सासूबाई म्हणाल्या.

"मागे आहे, ताई," मामा म्हणाले. "ये."

पैलवान डुलक्या घेत बसला होता. ठमीला आत सोडलं तेव्हा त्याने एक डोळा उघडला. ठमी पिंजऱ्यात गरगर फिरायला लागली. पैलवानाने तिचा वास घेतला, मग आपण काय करत होतो ते विसरून गवताची काडी चघळायला लागला. बहीण-भाऊ दोन बाजूंनी वाकून बघत होते. मला आपली त्या म्हाताऱ्याची कीव येत होती. आणि मग त्याला काय आठवलं कोण जाणे. पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. पैलवानाने चीं असा बारीक आवाज काढला आणि लाकडाच्या ओंडक्यासारखा बाजूला आडवा पडला.

"मेला!" मी ओरडलो.

मामा आणि सासूबाई दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि हसायला लागले. सासूबाईंना तर पिंजऱ्याचा आधार घ्यावा लागला. "असेच पडतात हो ते, जावईबापू!" मामा डोळे पुसत म्हणाले, "पडला म्हणजे काम झालं!" पैलवान उठून बसला आणि पुन्हा काडी चघळू लागला. माझी फजिती झाली, पण इतक्या स्वस्तात ती कधीच झाली नव्हती.

मामांनी पाणी आणून दिलं. दोघं मागच्या पायरीवर बसले. मी टोपलीशी चाळा करत उभा राहिलो, कारण जायला पाय निघत नव्हता.

"बुवाची पाठ मोडली होती," सासूबाई म्हणाल्या.

मामांनी मान खाली घातली. "नखं कापत होतो. ससा नेहमी तुझी भावजय धरायची, मी कापायचो. ती गेल्यावर पहिल्यांदाच एकट्याने करत होतो. मला धरता आलं नाही. त्याने लाथ मारली आणि मागचा भाग लुळाच पडला. काय करणार, सोडवला त्याला. बाबा म्हणायचे, टाकून द्यायचं नाही. म्हणून मग..."

"ताटातलं पाठीचं हाड मोडलेलं होतं. मला नंतर सगळं उमगलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

"सांगणारच होतो. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं. आणि तू पुन्हा वाढून घेतलंस. चव छान आहे म्हणालीस. मग माझं तोंडच उघडेना, ताई."

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "छानच होती."

मला त्या दोघांचा असा संताप आला म्हणून सांगू! एवढी वर्षं, एवढासा निरोप, आणि मधे फक्त एक गल्ली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते संतापाचं, असं मी बायकोला सांगितलं. ती बरं म्हणाली.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "पिल्लं झाली तर पहिलं तू निवडायचं. नराच्या मालकाने आधी. बाबांचा नियम आहे." मामा नुसते हो म्हणाले.

महिनाभराने ठमीने पुन्हा छाती उपटली. या वेळी सासूबाईंनी घरट्यात हात घातला आणि केसांखाली वळवळ लागली. सात होती. उघडीवाघडी, डोळे मिटलेली, माझ्या अंगठ्याएवढी. सासूबाईंनी मला एक हातावर ठेवून दाखवलं. मी लगेच परत दिलं, पण आवडलं मला ते, नाही कशाला म्हणू.

पिल्लांचे डोळे उघडले त्याच आठवड्यात पैलवान गेला. झोपेतच. हे आम्हाला कळलं ते असं: सकाळी भोंग्याने बांग दिली, सासूबाई पत्रे बघायला बाहेर गेल्या, आणि मागच्या दारावर थाप पडली. मामा उभे होते. हातात टॉवेलात गुंडाळलेला पैलवान. आमच्या घराची पायरी त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चढली होती.

"ताई, पैलवान गेला," ते म्हणाले. "म्हटलं, आधी तुला सांगावं."

सासूबाईंनी त्यांच्या हातातून पैलवानाला घेतलं. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आत ये." मी कुदळ काढली आणि तुतीखाली खड्डा खणला. पातेल्याचा विषय कुणी काढला नाही. मग चौघांनी चहा घेतला आणि मी कामाला गेलो.

त्या दिवसापासून मामा रोज यायला लागले. कशाला? तर पिल्लू निवडायला. सुरुवातीला म्हणाले, डोळे आत्ताच उघडलेत, जरा चालायला लागू देत. चालायला लागली. मग म्हणाले, कान बघून ठरवू. जन्मतात तेव्हा सगळ्यांचे कान सारखेच असतात, डावा पडतो तो पुढे सावकाश. मग रोज संध्याकाळी बहीण-भाऊ पिंजऱ्यासमोर बसून कानांची वाट बघायला लागले. एकेक करत सहांचे पडले. सातव्याचे दोन्ही ताठच राहिले. तो दुकानातल्या सशासारखा दिसतो म्हणून सासूबाईंनी त्याला नावं ठेवली, आणि त्यालाच सगळ्यात जास्त पाला दिला. कान झाले, मग नर घ्यावा की मादी हा प्रश्न आला. मग मामा म्हणाले, पिल्लं मोठी झाली, यांना जागा पुरत नाही, आणि घरून फळ्या आणून आमच्याच भिंतीला नवे पिंजरे ठोकायला बसले. आता भोंग्याच्या जोडीला हातोडा झाला.

लोक पिल्लं मागायला येत होते. पडक्या कानाचे ससे पुन्हा झाल्याचं सगळीकडे कळलं होतं. सासूबाई प्रत्येकाला परत पाठवायच्या. "माझ्या भावाने अजून निवडलं नाही. तो निवडेल, मग बाकीचे."

परवा संध्याकाळी मी कामावरून थकून आलो. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सात दांडगे ससे, मामांचा करवत, फळ्या, भुसा, आणि भुशात लोळणारी बदकं. मामा नळावर हात धूत होते. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, एक ससा निवडायला किती दिवस लागतात हो? तो कोपऱ्यातला नर सगळ्यांत चांगला आहे, हे मलासुद्धा दिसतंय. मामांकडे सगळे पिंजरे रिकामे पडलेत. आज मी सरळ टोपलीत घालून देतो त्यांना."

मी खरंच टोपली उचलली. सासूबाईंनी माझा हात धरला. जावयाचा हात त्यांनी याआधी कधी धरला नव्हता.

"राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "त्याने आज निवडलं, तर उद्या तो काय म्हणून येईल?"

मी टोपली खाली ठेवली. मामा हात पुसत आले, पिंजऱ्यासमोर बसले, सगळ्या पिल्लांवरून एकदा नजर फिरवली आणि मान हलवली.

"ताई, आज काही ठरत नाही गं. उद्या बघतो."

"उद्या बघ," सासूबाई म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"